पाहुण्या संघातला मुलगा

कॅरी, १० जून

अवधूत,

पत्राची सुरुवात आशीर्वादाने करायची असते. पण तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून तसेच सोडून देतोस, तेव्हा आशीर्वाद तरी घेशील की नाही याची शंका आहे. तो शेवटी लिहीन. तिथवर वाचलंस तर मिळेल.

हे पत्र तुझ्या एजंटच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय. लॉस एंजेलिसला सरावासाठी तू नक्की कुठे उतरलायस ते मला कुणी सांगत नाही. मराठीत लिहिलं म्हणजे त्या गृहस्थाला वाचता येणार नाही. तुला येईल. रविवारच्या मराठी शाळेत आईने तुझ्याकडून बाराखडी घोटवून घेतली होती, ती वाया जाऊ नये. वाचायला वेळ लागेल, पण तेवढा वेळ तरी तू माझ्या तावडीत असशील.

आता भांडणाचं. पाडव्याच्या कार्यक्रमात मराठी मंडळाने तुझा सत्कार ठरवला आणि तू सामन्यासाठी डेन्व्हरला. सत्कारमूर्ती गैरहजर असला की आपल्याकडे त्याच्या बापाला उभं करतात. शाल बापाला, नारळ बापाला, आणि 'दोन शब्द बोला' हेही बापालाच. अध्यक्ष म्हणून गुरुनाथने माइक माझ्या हातात दिला आणि मी बोललो. "अवधूतच्या कराराचं काय होणार असं सगळे विचारतात. मी शब्द देतो, आमचा मुलगा आपल्या रॅली शहराचा बास्केटबॉल संघ सोडून कुठेही जाणार नाही." टाळ्या पडल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे कबूल. पण कॅरीतल्या शाळेच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाची बातमी होते हे मला कसं ठाऊक असणार? गुरुनाथच्या मुलाने, नकुलने, व्हिडिओ काढला, खाली इंग्रजी अक्षरं टाकली, आणि आठवड्याच्या आत तो तुमच्या मॅनेजरच्या फोनवर होता. ज्याचा बापच सांगतो की पोरगा जाणार नाही, त्याला थांबवायला कोण कशाला धडपडेल? नव्या कराराच्या बोलण्यात त्यांनी हात आखडता घेतला. आणि तू मला म्हणालास, "बाबा, यू डोंट गेट टू स्पीक फॉर मी." त्यानंतर काहीच म्हणाला नाहीस.

महिनाअखेरीपर्यंत तुला ठरवायचंय. करारातलं शेवटचं वर्ष इथेच खेळायचं, की ते सोडून मोकळं व्हायचं आणि हव्या त्या संघाशी बोलायचं. निर्णय तुझा, हे मी आता पाठ केलंय. पण सल्ला द्यायला बंदी नाही. माझा सल्ला, राहा. रॅलीहून घर वीस मिनिटांवर आहे. घरच्या मैदानावर सामना असला की दुसऱ्या दिवशी जेवायला येतोस, आईला बरं वाटतं. एकच वर्ष म्हणतोय. पुढच्या वर्षी चंद्रावर जाऊन खेळ.

आई मजेत आहे. हल्ली थोडं विसरते. परवा शेजारच्या शैलजाकाकूंना चहा देऊन झाल्यावर पुन्हा चहा टाकायला उठली. वयच आहे. गाडीच्या किल्ल्या मी माझ्या खिशात ठेवतो आणि स्वयंपाक शिकतोय. रिटायर झालेल्या माणसाने काहीतरी उद्योग करावा. माझी आमटी खाऊन ती म्हणाली, "हे कुठून मागवलंत? पुन्हा मागवू नका."

अनेक आशीर्वाद.

बाबा

कॅरी, ३० जून

अवधूत,

काल टीव्हीवर तुझा फोटो दाखवला आणि खाली पट्टी आली. तू शेवटचं वर्ष नाकारलंस. निवेदकाने तुझं नाव नेहमीसारखं 'अ‍ॅवडूट' उच्चारलं. आई लगेच टीव्हीला म्हणाली, "अवधूत. त तबल्याचा, ट टोपीचा नाही." म्हणजे काल तिचा दिवस चांगला होता.

मला तिला समजावून सांगावं लागलं नाही. उलट तिनेच मला समजावलं. "आता त्याला कुणीही बोलावू शकतं. रॅलीवालेसुद्धा. म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही. तुम्ही तोंड पाडून बसू नका." तू पाचवीत असल्यापासून हा खेळ तिलाच माझ्यापेक्षा जास्त कळतो. पंचांवर मराठीत ओरडणारी संपूर्ण स्टेडियममध्ये ती एकटी. मी आयुष्यभर औषध कंपन्यांसाठी आकडे तपासले, पण तुझी टक्केवारी तोंडपाठ होती ती तिला.

मग ती म्हणाली, "चांगलं झालं. आता त्याने स्वतःचं स्वतः ठरवलंय." तिने हे माझ्याकडे न बघता म्हटलं.

तुझं अभिनंदन करतो. मनापासून करतो असं लिहिणार होतो, पण तुला माझं अक्षर ओळखता येतं आणि खोटंही. तुझ्या आईच्या वतीने मात्र मनापासून.

रॅलीवाल्यांनी पुन्हा फोन केला तर उचल. एवढंच. मी आणखी एक पान लिहिलं होतं, ते फाडलं. का, ते आज विचारू नकोस.

बाबा

कॅरी, ९ जुलै

अवधूत,

सिॲटल. सही झाली म्हणे. इथून त्याहून लांब जायचं तर समुद्रात उतरावं लागेल.

आता माझा शब्द संपला, म्हणून लिहितो. जिथे असशील तिथे आधी बस.

फेब्रुवारीत आईला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. दुकानातून निघून ती घरी येण्याऐवजी आपल्या जुन्या अपार्टमेंटच्या दाराशी जाऊन किल्ली लावत बसली होती. तपासण्या झाल्या. तिचा विसर वयाचा नाही. आजार आहे, तो वाढत जाणार आहे, आणि तिच्या बाबतीत वेगाने वाढतोय असं डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं. आधी कालचं जातं. मग हळूहळू माणसं जातात.

गाडीत बसल्यावर तिने माझ्याकडून वचन घेतलं. तुझं नव्या संघाचं पक्कं होईपर्यंत तुला एक अक्षर कळता कामा नये. मी खूप वाद घातला. ती म्हणाली, "त्याचा खेळ गुडघा चालतोय तोवर. किती वर्षं? माझ्यापायी त्याला इथे बांधून घातलंत, तर सगळं विसरले तरी तुम्हाला माफ करणार नाही." अशा बाईशी कोण काय बोलणार?

तेव्हापासून माझं तोंड दाबून बुक्क्यांचा मार असं चाललं होतं. तुला सांगायची सोय नव्हती. आणि तू राहावंस, ती तुला ओळखते आहे तोवर राहावंस, याखेरीज डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्यात कुणीतरी हातात माइक दिला. जे एकट्या तुला सांगायचं होतं ते मी हॉलभर माणसांना सांगून बसलो. म्हटलं होतं, इतक्या लोकांसमोर बापाने शब्द दिला की पोराला तो मोडवणार नाही. झालं उलटंच. माझ्या शब्दानेच तुला हुसकावलं. आई तेव्हा पहिल्या रांगेत होती. घरी येताना तिने मला एवढंच विचारलं, "हे वचन पाळणं झालं का?" मी गाडी चालवत राहिलो.

तू आता म्हणशील, आधी सांगायला काय झालं होतं. आधी बोललो म्हणून रागावलास, आता बोललो नाही म्हणून रागाव. रागावलास तरी हरकत नाही, पण ये. सरावाचं शिबिर सुरू व्हायच्या आधी ये. आत्ता तिला तू पुरता आठवतोस.

बाबा

कॅरी, २ सप्टेंबर

अवधूत,

तुझा फोन आला त्याला आता बरेच दिवस झाले. मी वाट पाहत होतो, म्हणून लिहिलं नाही.

तू मला जे बोललास ते माझ्याजवळ राहू दे. आपलेच दात, आपलेच ओठ. वाईट वाटलं ते नंतरच्याचं. तू म्हणालास, "गिव्ह द फोन टू आई," आणि मी दिला. त्या दिवशी तिची स्वारी इतकी खुशीत होती की मीच बघत राहिलो. सिॲटलला पाऊस फार, छत्री घेतलीस का, नवा प्रशिक्षक कसा आहे, डाव्या हाताने चेंडू सोडायचा कंटाळा करू नकोस. अर्धा तास बोलली. तुझ्या शाळेतल्या त्या सावनीचं लग्न झालं हेही सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. मग फोन माझ्या हातात आला आणि तू म्हणालास, "शी इज फाइन, बाबा. यू ऑलवेज डू धिस. मला परत आणायला काहीही सांगता."

तुझी चूक नाही. ज्याने एकदा व्यासपीठावरून खोटा शब्द दिला, त्याच्या खऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? पण फोन ठेवल्यावर काय झालं ते तुला दिसलं नाही. ती मला म्हणाली, "केदारचा आवाज किती बदललाय." केदारमामा जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे त्या अर्ध्या तासात ती कधीतरी तुझ्यापाशी होती आणि कधीतरी तिच्या भावापाशी. कुठवर कोण, हे मला सांगता येणार नाही.

तू येतो म्हणाला होतास, नंतर आला नाहीस. सराव आहे, घर लावायचंय, सगळं खरं असेल. पण तू लहानपणी इंजेक्शनच्या दिवशी जोडे सापडत नाहीत म्हणायचास, ते मला आठवतं. घाबरला असशील तर तसं सांग. मीही घाबरतो. सकाळी ती डोळे उघडते तेव्हा ती आज मला काय म्हणेल याची मला रोज धास्ती असते. 'अहो' म्हणाली की मी चहा टाकायला उठतो.

बाबा

कॅरी, १६ नोव्हेंबर

अवधूत,

आज एक गोष्ट सांगणार आहे. सांगू नये असं शैलजाकाकूंचं मत आहे, पण न सांगण्याची फळं आपण पाहिली आहेत.

रॅलीच्या संघाने तुझा चौदा नंबर एका नव्या मुलाला दिला. लिथुआनियाचा आहे. उंच, गोरापान, सोनेरी दाढी. सीझनचा पहिला सामना लागला, आई येऊन सोफ्यावर बसली, आणि चौदा नंबर मैदानात आला तशी तिने टाळी वाजवली. "आला बघा." मग बारीक नजरेने बघून म्हणाली, "दाढी कधी ठेवली याने? आणि केवढा गोरा पडलाय. उन्हात जात नाही, जेवत नाही."

मी पहिल्यांदा हसलो. मग मूर्खासारखी चूक दुरुस्त केली. "अगं, हा आपला नाही. आपला अवधूत आता सिॲटलला खेळतो." ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा तू पाहायला नको होतास. "सिॲटलला? कधी गेला? मला न सांगता गेला?" आणि रडायला लागली. तुझ्या जाण्याची बातमी तिला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होती, आणि ती मी दिली होती. पुढच्या सामन्याला मी पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा तेच. त्यानंतर मी सांगायचं बंद केलं. आता चौदा नंबर आला की मीही टाळी वाजवतो. त्या मुलाची फ्री थ्रो चुकली की ती ओरडते, "कोपर आत, अवधूत." पोरगा खेळतो बरा. मला त्याचा राग यायला हवा, पण सामना संपल्यावर तो हात हलवतो तेव्हा तिला इतका आनंद होतो की मला त्याचा राग करता येत नाही.

एक प्रयोगही केला. तुमचा सामना रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी दुपारी लावला. म्हटलं, चेहरा पाहिला की ओळखेल. तू चांगला खेळत होतास. तिने पाहुण्यांकडे जाऊन बसल्यासारखं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बदला ना. ह्यात आपलं कोणी नाही."

तुझा नंबर आता सात आहे आणि जर्सी हिरवी. मला वाटतं तिच्या मनात तू चौदा नंबर आणि निळी जर्सी एवढाच उरला आहेस, आणि तेवढं इथेच राहिलं. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. सहा महिन्यांपूर्वी असतं तर टोचायलाच लिहिलं असतं. आता मला फक्त फार वाईट वाटतं, आणि ते वाटून घ्यायला तुझ्याशिवाय कुणी नाही.

जानेवारीत तुझा संघ रॅलीला येतोय, रविवारी दुपारी. मी दोन तिकिटं काढली आहेत, अगदी खालची. तिने तुला समोरासमोर पाहिलं की कदाचित. 'कदाचित'च्या पुढे मी काही लिहीत नाही.

बाबा

कॅरी, १२ जानेवारी

अवधूत,

विमान वेळेवर पोहोचलं असेल. सामना संपल्यावर तुमची बस सरळ विमानतळावर जाणार, हे तू आधीच कळवलं होतंस, त्यामुळे वाट पाहिली नाही. थोडी पाहिली.

काल सामन्याआधी कठड्यापाशी तू आलास तेव्हा तिचं लक्ष पलीकडच्या बास्केटकडे होतं, चौदा नंबर तिकडे सराव करत होता. मी तिचा हात धरून म्हटलं, "शरयू, इकडे बघ कोण आलंय." तेव्हा तू मला मान हलवून गप्प केलंस. त्या क्षणी मला तुझा संताप आला होता. इतके महिने ज्यासाठी धडपडलो ते तोंडाशी आलं असताना हा मला अडवतो कोण? मग ती वळली, मान वर करून तुझ्याकडे बघत राहिली, आणि मला कळलं की तुला तिच्या नजरेतलं माझ्याआधी दिसलं होतं.

"केवढे उंच हो तुम्ही," ती म्हणाली. "मराठी येतं?"

"हो. थोडं थोडं. माझ्या आईने शिकवलं."

"छान शिकवलंय. कुठे असते आई?"

"इथेच," तू म्हणालास. "कॅरीत."

"मग सामना झाला की जाऊन या तिच्याकडे. एवढ्या लांबून आलात आणि न भेटता गेलात तर तिला वाईट वाटेल. ती बोलून दाखवणार नाही, पण वाटेल."

"हो, काकू," तू म्हणालास.

काकू. किती अलगद म्हणालास. तिला दुरुस्त करायचं नाही, हे शिकायला मला कितीतरी संध्याकाळी तिला रडवावं लागलं. तू ते तिथे उभ्या उभ्या केलंस, स्वतःला आईच्या यादीतून खोडून. मी तुला म्हणत होतो की तू घाबरतोस. ते शब्द मागे घेतो. तू वाकून नमस्कार केलास तेव्हा तिने तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो जरा जास्तच वेळ तिथे राहिला, असं मला वाटलं. माझी कल्पना असेल. म्हाताऱ्याच्या कल्पनेवर संघ उभा राहत नाही.

मग सामनाभर ती चौदा नंबरसाठी ओरडली. तू चेंडू नेलास की गप्प बसायची. एकदाच म्हणाली, "तो पाहुणा मुलगा छान खेळतो, नाही?"

घरी येईपर्यंत ती दमून गेली होती. आज सकाळी उठली तेव्हा काल आपण कुठे गेलो होतो हे तिला आठवत नव्हतं. स्टेडियम नाही, सामना नाही, जिंकलं कोण तेही नाही. मी चहा दिला. कप हातात घेऊन तिने विचारलं, "अहो, तो उंच मुलगा गेला का हो त्याच्या आईकडे?"

मी म्हटलं, विचारून सांगतो.

दुपारी जेवताना तिने पुन्हा विचारलं. आत्ता हे लिहितोय तर दारात येऊन पुन्हा विचारून गेली. बाकी सगळं निसटतंय आणि हे एवढं तिने धरून ठेवलंय. किती दिवस धरेल ते मला माहीत नाही.

तिला काय सांगू, अवधूत?

बाबा